निसर्ग चक्रीवादळानंतरची श्रीवर्धनची वाडी : भरपाई, पुनर्लागवड आणि मधली सात वर्षे

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस, दिवेआगर–श्रीवर्धनच्या पट्ट्यात जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते १२० किलोमीटरच्या घरात होता. श्रीवर्धन हे तालुक्याचे छोटे गाव. समुद्राला लागून नारळ-सुपारीच्या वाड्या, वाडीत विहीर आणि वाडीलगत घर, अशी त्याची रचना. घरांची छपरे उडाली, विजेचे खांब आडवे झाले, ही हानी सर्वांना दिसली. छपर एका पावसाळ्यात पुन्हा घालता येते आणि वीज काही आठवड्यांनी येते. पडलेली पोफळ मात्र पुन्हा उत्पन्न देऊ लागायला सहा-सात वर्षे घेते. म्हणून या वादळाचा हिशेब अजून संपलेला नाही.

दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरूड, रेवदंडा, चौल, म्हसळा, तसेच रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड आणि दापोलीच्या किनाऱ्यावरील केळशी, आंजर्ले, हर्णे या गावांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे. भरपाई कशी मोजली गेली, ती कुठे अपुरी पडली, पुनर्लागवडीत खरी अडचण कोणती आली आणि पुढच्या वादळाआधी शेतकरी व कृषी विस्तार कर्मचारी यांनी काय तयारी ठेवावी, याचा विचार या लेखात केला आहे.

सर्वाधिक फटका पोफळीलाच का?

आंबा, काजू, फणस ही झाडे मोडली तरी मूळ व बुंधा जिवंत असल्यास पुन्हा फुटतात. त्यांच्या सालीखाली वाढीचा थर असतो, जखम भरून येते, खाली सुप्त डोळे असतात. माड आणि पोफळ ही ताडवर्गीय झाडे आहेत. त्यांच्या खोडात असा थर नसतो आणि वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्याला असतो. शेंडा मोडला की झाड संपले. खोड उभे दिसत असले तरी त्याला नवे पान येणार नाही.

या दोघांतही फरक आहे. माडाचा बुंधा रुंद असतो, त्यातून हजारो दोरीसारखी मुळे निघतात आणि खोड वाऱ्याबरोबर वाकते. पोफळीचे खोड बारीक आणि उंच, वजन सारे शेंड्याला आणि मुळे बहुतांशी वरच्या थरात. पोफळ एकमेकींच्या आधाराने उभी असते. दाट वाडीत बाहेरच्या ओळी वारा अडवतात आणि आतल्या ओळी वाचतात. बाहेरच्या ओळी पडल्या की वारा थेट आत शिरतो. त्यातच एखादा जुना, उंच माड पोफळींवर कोसळला तर तो एकटाच अनेक पोफळी मोडतो.

वादळातून वाचलेल्या झाडांचेही नुकसान नंतर सुरू होते. सुपारी हे सावलीत वाढणारे पीक आहे. वरचे माड गेल्यावर दुपारनंतरचे ऊन थेट पोफळीच्या खोडावर पडते. खोडावर पिवळट, मग तपकिरी डाग पडतात, साल तडकते आणि तेथून झाड कमजोर होते. जायफळाच्या झाडांचीही पाने करपतात. त्यामुळे वादळानंतर आठवडाभरात केलेला पंचनामा हा पूर्ण नुकसानीचा पंचनामा नसतो. पुढच्या उन्हाळ्यात वाळलेली झाडे कोणत्याच कागदावर येत नाहीत.

हेक्टरी मदत आणि गुंठ्यांची वाडी

नैसर्गिक आपत्तीच्या मदतीचे नियम हेक्टरवर आधारलेले आहेत. निसर्ग वादळाच्या वेळी बहुवार्षिक फळपिकांसाठी दर हेक्टरी १८,००० रुपये होता आणि मर्यादा २ हेक्टर. राज्य सरकारने या वादळापुरता हा दर वाढवून हेक्टरी ५०,००० रुपये केला. आकडा मोठा वाटतो, पण किनाऱ्यावरील वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यांत असते. एक हेक्टर म्हणजे सुमारे १०० गुंठे. १० गुंठ्यांच्या वाडीला जुन्या दराने १,८०० रुपये, तर वाढीव दराने ५,००० रुपये होतात.

बागायतदारांची मागणी झाडामागे मदत द्यावी अशी होती. त्यानंतर सरकारने नारळासाठी झाडामागे २५० रुपये आणि सुपारीसाठी झाडामागे ५० रुपये असा दर ठरवला. कोणत्या वाडीला याने काय फरक पडतो, हे उदाहरणाने पाहू. दहा गुंठ्यांच्या, दाटीने लावलेल्या वाडीत १५ माड आणि ८० पोफळी आहेत आणि सर्व पडल्या, असे धरू.

- हेक्टरी १८,००० दराने : सुमारे १,८०० रुपये
- हेक्टरी ५०,००० दराने : सुमारे ५,००० रुपये
- झाडामागे दराने : माडांचे ३,७५० आणि पोफळींचे ४,००० मिळून ७,७५० रुपये

सलग लागवडीचे गणित वेगळे येते. सुपारीची शिफारस केलेली लागवड २.७ × २.७ मीटरवर, म्हणजे हेक्टरी सुमारे १,३७० झाडे. झाडामागे ५० रुपयांनी हे ६८,५०० रुपये होतात. हेक्टरी दरापेक्षा हे जास्त आहेत. नारळाची लागवड ७.५ × ७.५ मीटरवर, म्हणजे हेक्टरी सुमारे १७७ झाडे. झाडामागे २५० रुपयांनी सुमारे ४४,२५० रुपये होतात, म्हणजे हेक्टरी दरापेक्षा थोडे कमी. थोडक्यात, झाडनिहाय मोजणी मिश्र वाडीला आणि सुपारीला न्याय्य ठरते. नुसत्या नारळाच्या बागेला तिचा लाभ होत नाही.

मोजणीची पद्धत सुधारली, तरी रक्कम कशासाठी आहे हा प्रश्न उरतो. पडलेला माड तोडणे, त्याचे तुकडे करणे, वाडीबाहेर काढणे, खड्डा साफ करणे यासाठी यंत्रकरवत आणि दोन-तीन माणसांची मजुरी लागते. ते वर्ष टाळेबंदीचे होते, मजूर गावी परतले होते आणि पावसाळा तोंडावर होता. झाडामागे २५० रुपयांत तो माड हलवणेही कठीण होते. मग नवे रोप, खड्डा, खत आणि सात वर्षांचे बुडालेले उत्पन्न यासाठी काय उरले?

तमिळनाडूने काय वेगळे केले

१६ नोव्हेंबर २०१८ रोजी गज चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आले. तंजावर, पुदुकोट्टई, तिरुवारूर, नागपट्टिणम या जिल्ह्यांत नारळाच्या बागा भुईसपाट झाल्या. तेथील सरकारने माडामागे १,१०० रुपये जाहीर केले. त्यात ६०० रुपये झाडाच्या नुकसानीचे आणि ५०० रुपये पडलेले झाड तोडून हलवण्याचे होते. हेक्टरी १७५ झाडे धरून ही रक्कम १,९२,५०० रुपये झाली.

आपल्या उदाहरणातील वाडीला याच दराने केवळ १५ माडांचे १६,५०० रुपये झाले असते. पण रकमेपेक्षा महत्त्वाची आहे ती विभागणी. झाडाची नुकसानी वेगळी आणि सफाईचा खर्च वेगळा मानला गेला. वाडी साफ झाल्याशिवाय नवी लागवड होत नाही आणि पडलेली खोडे तशीच राहिली तर वाचलेल्या माडांवर कीड चढते. सफाईचा खर्च हा उरलेली वाडी वाचवण्याचाच खर्च आहे. पुढच्या वेळी झाडनिहाय मदत मागताना बागायतदार संघांनी सफाईची रक्कम स्वतंत्र मागावी.

मदतीचे दर स्थिर नसतात, हेही लक्षात ठेवावे. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत बहुवार्षिक पिकांचा दर हेक्टरी २२,५०० रुपये आहे. राज्याने जानेवारी २०२४ मध्ये तो ३६,००० रुपये आणि मर्यादा ३ हेक्टर केली. मे २०२५ मध्ये पुन्हा २२,५०० रुपये आणि २ हेक्टर असे ठरले. निसर्गच्या वेळचा ५०,००० रुपयांचा किंवा झाडामागचा दर हा त्या वादळापुरता होता. पुढच्या वादळाला तोच लागू होईल असे गृहीत धरू नये. पंचनाम्याच्या वेळी लागू असलेला शासन निर्णय तलाठी किंवा कृषी सहायकाकडून पाहून घ्यावा.

विम्याचे छत्र कुठे आहे, कुठे नाही

कोकणात आंबा व काजूसाठी हवामान आधारित फळपीक विमा योजना आहे. हा विमा पिकाच्या हंगामातील हवामानावर चालतो. अवेळी पाऊस, कमी-जास्त तापमान, वेगाचे वारे ठरलेल्या काळात नोंदले गेले की भरपाई मिळते. आंब्याचा हा काळ मे महिन्यात संपतो आणि वादळ आले ३ जूनला. शिवाय या विम्यात फळाचे नुकसान धरले जाते, झाड मुळासकट गेले तर त्याची किंमत धरली जात नाही.

नारळासाठी नारळ विकास मंडळाची नारळ वृक्ष विमा योजना आहे. तिचे मुख्य मुद्दे असे :

- वय ४ ते १५ वर्षे : झाडामागे विमा रक्कम ९०० रुपये, वार्षिक हप्ता ९ रुपये
- वय १६ ते ६० वर्षे : झाडामागे विमा रक्कम १,७५० रुपये, वार्षिक हप्ता १४ रुपये
- हप्त्यातील ५० टक्के वाटा मंडळाचा, २५ टक्के राज्याचा आणि २५ टक्के शेतकऱ्याचा
- सलग क्षेत्रात किमान ५ निरोगी, फळणारी झाडे आवश्यक

म्हणजे १६ वर्षांवरील १५ माडांसाठी शेतकऱ्याच्या खिशातून वर्षाला सुमारे ५२ रुपये ५० पैसे जातात आणि संरक्षण मिळते २६,२५० रुपयांचे. प्रत्यक्ष भरपाईत काही अटी व वजावट असते. तरीही झाडामागे २५० रुपयांशी तुलना केली तर फरक स्पष्ट आहे. ही योजना आपल्या तालुक्यात चालू आहे का, अर्ज कोणाकडे करायचा, याची चौकशी वादळ येण्याआधी करावी लागते. वादळ गेल्यावर करून उपयोग नाही. विस्तार कर्मचाऱ्यांनी गावातील माडांची वयनिहाय यादी करून एकत्र अर्ज भरून घेतले, तर ५–१० माडांच्या मालकालाही त्यात येता येईल.

सुपारीला या योजनेचे संरक्षण नाही. सर्वाधिक मोडणाऱ्या झाडालाच विमा नाही, ही श्रीवर्धनच्या वाडीची खरी कमजोरी आहे.

सातबारा, सामाईक नावे आणि अडकलेले पैसे

किनाऱ्यावरील वाड्यांचे सातबारे बहुधा सामाईक असतात. एका उताऱ्यावर भाऊ, चुलतभाऊ, आत्या, मयत झालेले आजोबा अशी दहा-पंधरा नावे, त्यांतील निम्मे मुंबई-पुण्याला. वाडी शिंपणारा आणि राखणारा एक, मालकीत नावे अनेक. अशा ठिकाणी मदतीची रक्कम खात्यात जमा होण्यासाठी सर्वांची संमतीपत्रे लागतात. टाळेबंदीच्या काळात ती गोळा करणे किती अवघड होते, हे कोकणातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. पंचनामा झाला, यादीत नाव आले, पण पैसे मिळाले नाहीत, अशी अनेकांची स्थिती याच कारणाने झाली.

दुसरी अडचण झाडांच्या नोंदीची. गाव नमुना बारामध्ये किती माड, किती पोफळी आहेत याची नोंद नसेल किंवा तीस वर्षांपूर्वीची असेल, तर पडलेल्या झाडांची संख्या पंचनामा करणाऱ्याच्या अंदाजावर राहते. २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आहे. शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून नोंद करायची असल्याने हे काम आता आपल्याच हातात आहे. शांत काळात पुढील कामे उरकून ठेवावीत :

१. मयत खातेदारांच्या वारसांची नोंद करून घ्यावी.
२. सर्व सहहिस्सेदारांचे संमतीपत्र किंवा मुखत्यारपत्र तयार ठेवावे. गणपतीला आणि शिमग्याला सगळे गावी येतात, ते दिवस या कामासाठी सोयीचे असतात.
३. ई-पीक पाहणीत नारळ, सुपारी आणि आंतरपिकांची नोंद झाडांच्या संख्येसह करावी. मिश्र पीक असेल तर तसेच नोंदवावे.
४. दरवर्षी मे महिन्यात वाडीचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. फोटोवर तारीख व ठिकाण येईल अशी सोय करावी.
५. बँक खाते आधारला जोडलेले आहे का ते तपासावे.

खरा तुटवडा रोपांचा

वादळानंतर फळबाग पुनर्लागवडीसाठी रोजगार हमी योजनेतून मदत देण्याचा निर्णय झाला. मजुरीचा आणि खड्ड्याचा खर्च त्यातून निघू शकतो. पण खड्ड्यात लावायचे काय? सुपारीचे रोप लागवडीयोग्य व्हायला १२ ते १८ महिने लागतात. नारळाचे ९ ते १२ महिने. वादळ जूनमध्ये आले आणि लागवडीचा हंगाम त्याच महिन्यात सुरू झाला. रोपवाटिकांत होती ती रोपे नेहमीच्या मागणीपुरती होती. एकाच वर्षी हजारो वाड्यांची मागणी आली, तर ती पुरी करणे कोणत्याही रोपवाटिकेला शक्य नसते. अशा वेळी बाहेरून, कुठल्या झाडाचे आहे याचा पत्ता नसलेले रोप गावात येते. त्याची किंमत सात वर्षांनी कळते, कारण तोपर्यंत ते फळतच नाही.

श्रीवर्धनच्या बाबतीत हा धोका जास्त आहे. ‘श्रीवर्धन रोठा’ या नावाने ओळखली जाणारी सुपारी आकाराने मोठी आणि आतून पांढऱ्या गराची असते. बाजारात तिला स्वतःचे नाव आहे. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धनलाच आहे आणि विद्यापीठाने ‘श्रीवर्धनी’ हे वाण दिले आहे. वादळात पडलेल्या जुन्या पोफळींपैकी अनेक झाडे म्हणजे गावाची बियाण्याची पेढी होती. म्हणून वाचलेल्या चांगल्या झाडांपासून गावातच रोपे तयार करणे हा पुनर्लागवडीचा पहिला टप्पा असायला हवा.

*मातृवृक्ष व बियाणे निवडताना :*

- दरवर्षी भरपूर घोस देणारी, मध्यम वयाची, आखूड पेऱ्यांची आणि शेंड्याला भरपूर पाने असलेली पोफळ निवडावी. जवळपास रोगट झाडे नसावीत.
- पूर्ण पिकलेली, वजनदार फळे घ्यावीत. फळे पाण्यात सोडल्यावर देठाची बाजू वर ठेवून उभी तरंगणारी फळे जोमदार रोपे देतात.
- फळे साल न काढता, देठाची बाजू वर ठेवून, सावलीतील वाफ्यात वाळूत लावावीत. दोन-तीन पाने आल्यावर रोपे पिशवीत घ्यावीत.
- पाच किंवा अधिक पाने असलेले, बुंध्याशी जाड, बुटके रोप लागवडीला वापरावे. उंच वाढलेले, सडपातळ रोप टाळावे.

नारळासाठी बाणवली, प्रताप या उंच जाती किंवा टी × डी संकर जाती विद्यापीठाच्या रत्नागिरीजवळील भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रातून किंवा शासकीय रोपवाटिकेतून घ्याव्यात. मागणी वर्षभर आधी नोंदवावी. तालुका पातळीवर दरवर्षी काही हजार रोपांचा राखीव साठा ठेवला तर वादळाच्या वर्षी तो कामी येईल आणि इतर वर्षी नेहमीच्या विक्रीत जाईल. हा खर्च भरपाईच्या रकमेपुढे किरकोळ आहे.

मधली सात वर्षे कशी काढायची

२०२१ च्या पावसाळ्यात लावलेली पोफळ साधारण २०२७–२८ च्या सुमारास फळू लागेल आणि दहाव्या वर्षानंतर भरात येईल. तोपर्यंत वाडीने घर चालवले पाहिजे, नाहीतर वाडी विकली जाते. किनाऱ्यालगत पर्यटनासाठी जमिनीला मागणी असताना हा धोका मोठा आहे. ज्या वर्षी वाडीतून काही येत नाही, त्याच वर्षी विकण्याचा दबाव सर्वाधिक असतो.

कोकण कृषी विद्यापीठाने नारळाच्या बागेत मसाला पिकांची ‘लाखी बाग’ ही पद्धत पूर्वीपासून शिफारस केली आहे. वादळानंतरच्या मोकळ्या वाडीत ती टप्प्याटप्प्याने बसवता येते :

- *पहिले वर्ष :* केळी लावावीत. ती १२ ते १४ महिन्यांत उत्पन्न देतात आणि मुख्य म्हणजे सुपारीच्या रोपांना सावली देतात. मोकळ्या जागेत सुरण, हळद, आले घ्यावे. सुरण ८–९ महिन्यांत तयार होतो.
- *दुसरे ते चौथे वर्ष :* अननस आणि केळीचा खोडवा. वाचलेल्या माडांवर काळी मिरी चढवावी. ती तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून उत्पन्न देते.
- *चौथ्या वर्षापासून :* दालचिनीची पहिली तोडणी. ‘कोकण तेज’ ही जात यासाठी उपलब्ध आहे.
- *सहाव्या-सातव्या वर्षापासून :* सुपारी, जायफळाची कलमे आणि नारळ.

जायफळ पहिल्याच वर्षी उघड्यावर लावू नये. केळीची सावली तयार झाल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लावावे. जायफळात नर व मादी झाडे वेगळी असल्याने रोपांऐवजी खात्रीची मादी कलमे घ्यावीत. परागीकरणासाठी वाडीत थोडी नर झाडे ठेवावीत.

पिकांची विविधता वाढवली म्हणजे वादळाचा धोका गेला असे नाही. पण बुटकी पिके वाऱ्यात टिकतात, आणि उंच झाडे गेली तरी सगळे उत्पन्न एकदम जात नाही. पुन्हा फक्त पोफळ लावायची की नाही, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःच्या वाडीच्या जागेवर ठरवावे. समुद्राच्या पहिल्या ओळीतील वाडीत माड जास्त आणि पोफळ कमी ठेवावी. गावाच्या आतल्या बाजूस, डोंगराच्या आडोशाला पोफळ मुख्य पीक म्हणून ठेवण्यास हरकत नाही.

वादळानंतर वाडीत करायची कामे

*पहिले दहा दिवस*

- तुटलेल्या विजेच्या तारा व लोंबकळणारी झाडे यांच्याजवळ जाऊ नये. पंचनामा होण्यापूर्वी सफाई करावी लागली तर आधी फोटो काढावेत आणि पडलेली झाडे मोजून ठेवावीत.
- कललेले तरुण माड, ज्यांची निम्मी तरी मुळे जमिनीत आहेत आणि शेंडा शाबूत आहे, ते हळूहळू सरळ करून काथ्याच्या दोरीने व टेकूने आधार द्यावा. मुळांवर माती चढवावी, खालच्या काही झावळ्या कमी कराव्यात. नवी मुळे सुटेपर्यंत रासायनिक खत देऊ नये.
- शेंडा मोडलेला माड किंवा पोफळ ठेवू नये, काढून टाकावी.
- खाऱ्या वाऱ्याने पाने करपली असतील आणि पाऊस लांबला असेल, तर लहान रोपांवर गोड्या पाण्याची फवारणी करावी.
- आंबा-काजूच्या मोडलेल्या फांद्या करवतीने गुळगुळीत कापून कापावर १० टक्के बोर्डो पेस्ट लावावी.

*पहिला पावसाळा*

- कुजणाऱ्या माडाच्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो. ओंडके वाडीत कुजू देऊ नयेत. हलवणे शक्य नसेल तर चिरून, ओल्या भागावर मेटारायझियम या मित्रबुरशीचा वापर करावा. शेणखताचे खड्डेही तपासावेत.
- जखमा झालेल्या माडाकडे सोंड्या भुंगा ओढला जातो. खोडाच्या जखमांवर बोर्डो पेस्ट लावावी आणि गावपातळीवर कामगंध सापळे लावावेत. एकट्याने सापळा लावला तर शेजारच्या वाडीतील भुंगे आपल्याकडे येतात.
- वाचलेल्या माडाच्या वरच्या दोन-तीन पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड व वाळू समप्रमाणात मिसळून भरावी.
- कोंब कुजणे आणि सुपारीवरील कोळेरोग यांसाठी १ टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी पाऊस सुरू होण्याआधी करतात. वादळाने ती चुकली असेल तर पहिल्या उघडिपीत करावी. साधारण ४०–४५ दिवसांनी पुन्हा फवारावे.

*पहिला उन्हाळा*

- उघड्या पडलेल्या पोफळींच्या खोडाला, विशेषतः नैर्ऋत्येकडील बाजूस, झावळ्या बांधाव्यात किंवा चुन्याचा पातळ लेप द्यावा.
- शिंपण्यात खंड पडू देऊ नये. मुळे हललेल्या झाडांना एकदम भरपूर पाणी देण्याऐवजी थोडे पण वरचेवर द्यावे.
- वाळलेल्या झाडांची पुन्हा मोजणी करून कृषी सहायकाकडे लेखी कळवावे. मदत मिळो न मिळो, नोंद राहणे महत्त्वाचे आहे.

वाऱ्याला अडवणारी भिंत नको, गाळणारी चाळण हवी

दिवेआगर आणि श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरील सुरूची झाडे वादळात मोठ्या प्रमाणावर पडली. एकाच जातीची, एकाच वयाची आणि वाळूत वरवर मुळे असलेली रांग जोराच्या वाऱ्यात एकदम जाते. वारारोधकाचे काम वारा पूर्ण थांबवण्याचे नसते. घट्ट भिंतीसारखा अडथळा असला की मागे भोवरे तयार होतात. थोडा वारा आत सोडणारी, उतरत्या उंचीची रांग सर्वांत चांगली. समुद्राकडून केवड्यासारखी झुडपे, मग उंडी आणि करंज, मागे सुरू, असा थर ठेवावा. उंडी हे किनाऱ्यावरचेच झाड असून खारा वारा सहन करते. अशी रांग आपल्या उंचीच्या दहा-पंधरा पट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी करते. एका वाडीपुरते हे काम होत नाही. ग्रामपंचायत किंवा नगर परिषद आणि वन विभाग यांनी मिळूनच ते करावे लागेल.

पुढच्या वादळाआधी

निसर्गला वर्ष होण्याच्या आतच, मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला समांतर गेले आणि रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातील बागांचे पुन्हा नुकसान झाले. अरबी समुद्र तापत आहे आणि तेथील तीव्र चक्रीवादळांचे प्रमाण गेल्या काही दशकांत वाढले आहे. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे धोक्याचे महिने आहेत. आज लावलेले रोप फळायच्या आत दुसरे वादळ येऊ शकते, हे धरूनच नियोजन करायला हवे.

सरकारकडे मागण्यासारख्या गोष्टी तीन आहेत. झाडनिहाय मदत ही अपवाद न राहता किनारी वाड्यांसाठी कायमची पद्धत व्हावी. तिच्यात सफाईचा खर्च वेगळा असावा. आणि सुपारीला विम्याचे संरक्षण मिळावे. शेतकऱ्याने स्वतः करण्यासारख्या गोष्टीही तीनच आहेत. कागद नीट ठेवणे, माडांचा विमा उतरवणे आणि आपल्या चांगल्या पोफळीचे बियाणे दरवर्षी थोडे का होईना वाफ्यात टाकणे. या हंगामात पिकलेल्या घोसांतील पन्नास फळे बाजूला काढली, तर दीड वर्षाने वाडीच्या कोपऱ्यात रोपे तयार असतील. वादळ आले नाही तरी वाडीतल्या रिकाम्या जागा भरायला ती लागतातच.